शाकाहाऱ्याला काय चालतं, काय नाही: हद्द ठरवायची आणि पाळायची कशी

मांस-मासे खायचे नाहीत, एवढं ठरवणं सोपं. घोडं अडतं ते चीजच्या तुकड्यापाशी, जेलीपाशी, औषधाच्या कॅप्सूलपाशी. पाकिटावर प्राण्याचं नाव नसतं, पण आत प्राण्यापासून काढलेलं काहीतरी असतं. पदार्थांची यादी पाठ करून इथे भागत नाही, कारण एकाच नावाचं चीज एका कारखान्यातलं चालणारं असतं आणि दुसऱ्या कारखान्यातलं नसतं. म्हणून यादी बाजूला ठेवून आधी चार प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. पुढे कुठलाही घटक समोर आला की त्या उत्तरांवरून निकाल लावता येतो.

चार प्रश्न

पहिला प्रश्न: हा प्राण्याच्या शरीराचा भाग आहे का? मांस, मासे, कोळंबी, चरबी, हाडांचा अर्क, जिलेटिन, वासराचं रेनेट (चीजसाठी दूध साकळायला वापरतात तो जठरातला अर्क) हे सगळं यात आलं. मासे खाणाऱ्यांसाठी पेस्केटेरियन असा वेगळा शब्द आहे. इंग्लंडमध्ये १८४७ साली स्थापन झालेली व्हेजिटेरियन सोसायटी मासे आणि कत्तलीतून निघणारे उपपदार्थ दोन्ही शाकाहाराबाहेर ठेवते.

दुसरा: जिवंत प्राण्याकडून मिळणारं चालतं का? दूध, अंडी, मध, मेण, मेंढीच्या लोकरीतलं लॅनोलिन. दूध चालतं पण अंडी नाहीत, दोन्ही चालतात, यातलं काहीच चालत नाही, अशा तीन मुख्य वाटा इथून फुटतात. तिसरी वाट व्हीगन लोकांची. ‘यात प्राणी मरत नाही’ एवढ्यावर दूध-अंडी मान्य करायची असतील, तर दोन गोष्टी माहीत असाव्यात. अंड्यांसाठी पोसलेल्या जातीची नर पिल्लं अंडी देत नाहीत आणि मांसासाठी ती वाढवणं परवडत नाही, म्हणून मोठ्या उबवणी केंद्रांत ती पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून यावर बंदी घातली. आणि गाय दूध देते ती व्यायल्यावर. नर वासराचा दुग्धव्यवसायाला उपयोग नसतो. अंडं फलित नसतं हे खरं आहे, पण या आक्षेपाचं ते उत्तर नव्हे. तरीही दूध-अंडी खायची असं कुणी ठरवू शकतं. फक्त ते माहिती असून ठरवलेलं असावं.

तिसरा: तयार करताना वापरलं, पण पदार्थात उरलं नाही, तर? वाइन, बिअर आणि साखर हे याचे ठळक नमुने.

चौथा: एकाच तेलात, एकाच तव्यावर, एकाच चिमट्याने केलेलं चालतं का?

आमचं मत असं की पहिल्या प्रश्नाला अपवाद ठेवू नयेत. ठेवले की बाकीच्या उत्तरांना अर्थ उरत नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नात मात्र स्वतःला तपासता येईल तेवढंच ठरवावं. जो नियम पाळला गेला की नाही हे कळूच शकत नाही, तो थोड्याच दिवसांत सैल पडतो आणि जाताना चांगले नियमही ढिले करून जातो.

चीज: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

दुधाचं चीज करायला ते आधी साकळावं लागतं. लिंबू किंवा व्हिनेगर घालून फाडलेल्या ताज्या चीजला रेनेट लागत नाही. मुरवलेल्या चीजला विकर (एन्झाइम) लागतं आणि बहुतेक वेळा ते विकर म्हणजे कायमोसिन. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या जठराच्या चौथ्या कप्प्यातून काढतात, म्हणजे वासरू मारल्याशिवाय ते मिळत नाही. दूध चालणाऱ्या शाकाहाऱ्याला न चालणारं दुधाचं चीज असतं ते यामुळे.

पर्याय तीन आहेत. एक, ऱ्हायझोम्यूकर मिहेई या बुरशीपासून मिळणारं सूक्ष्मजीवी रेनेट. दोन, वनस्पतिज, पोर्तुगाल आणि स्पेनमधली मेंढीच्या दुधाची काही चीज कार्डून या काटेरी झाडाच्या फुलांनी विरजतात. तीन, किण्वनातून बनवलेलं कायमोसिन: वासराच्या जनुकाची नक्कल बुरशीत किंवा यीस्टमध्ये घालून टाकीत विकर तयार करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० मध्ये त्याला मान्यता दिली आणि आज कारखान्यातल्या चीजमध्ये ते फार मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. बनवताना प्राणी लागत नाही म्हणून बहुतेक शाकाहारी ते चालवून घेतात. मूळ जनुक प्राण्याचं आहे म्हणून नको म्हणणारेही आहेत. तसं असेल तर ‘सूक्ष्मजीवी’ एवढ्या शब्दावर विसंबू नये, कारण हे कायमोसिनही कधीकधी त्याच शब्दाखाली विकलं जातं.

घटकांच्या यादीत नुसतं ‘रेनेट’ लिहिलं असेल तर ते प्राण्याचं धरावं. नुसतं ‘एन्झाइम्स’ असेल तर काहीच कळत नाही, विचारावं लागतं. पार्मिजानो रेज्जानो या नावाचं चीज तर कधीच शाकाहारी नसतं, कारण त्या नावाच्या नियमावलीतच वासराचं रेनेट ठरवून दिलेलं आहे. ग्राना पादानोचंही तेच, शिवाय त्यात लायसोझाइम, म्हणजे ई ११०५, असू शकतं (‘ई’ क्रमांक म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळायच्या घटकांना युरोपात दिलेले क्रमांक). ते अंड्याच्या पांढऱ्यातून येतं, तेव्हा अंडी न खाणाऱ्यांनी दुहेरी जपावं. ही चीज तयार पेस्तोत (तुळशीसारख्या पानांच्या इटालियन चटणीत), सॉसमध्ये, वर भुरभुरलेल्या किसात सापडतात. चव तशीच हवी असेल तर शाकाहारी रेनेटचं, पण वेगळ्या नावाने विकलेलं कडक चीज शोधावं.

त्यातून निघणारा एक प्रश्न बरेच जण टाळतात. चीज करताना खाली राहिलेल्या पाण्यापासून व्हे पावडर आणि लॅक्टोज बनतात. मूळ चीज वासराच्या रेनेटने केलं असेल तर? बिस्किटं, चॉकलेट, प्रथिनांची पावडर, सगळीकडे हा प्रश्न येतो. रिकोटा हे मऊ चीजही परंपरेने याच पाण्यापासून करतात. व्हेचा माग काढणं फार कठीण असतं, म्हणून रेनेट नको पण व्हे चालेल, अशी हद्द पुष्कळ जण ठेवतात. ती थोडी विसंगत आहे, पण पाळता येते.

यादीत लपलेली नावं

जिलेटिन हे कातडी आणि हाडं उकळून काढतात. डुकराचं, गुरांचं किंवा माशाचं, पण नेहमी प्राण्याचंच. ‘वनस्पती जिलेटिन’ असं जे विकतात ते अगार (समुद्री शेवाळापासूनचं) किंवा तत्सम काही असतं. जेली, मार्शमॅलो, चिवट गोळ्या, काही दही आणि मूस, कॅप्सूलची टरफलं, इथे ते शोधावं.

ई १२० हा लाल रंग, कार्माइन, निवडुंगावर वाढणारे कोचिनील कीटक वाळवून काढतात. अमेरिकेत जानेवारी २०११ पासून त्याचं नाव यादीत स्पष्ट लिहावं लागतं. त्याआधी ते ‘रंग घातला आहे’ अशा मोघम शब्दांआड राहायचं. ई ९०४ म्हणजे शेलॅक, लाखेच्या कीटकांचा स्राव. तो खरवडून काढताना पुष्कळ किडे मरतात. गोळ्यांना आणि फळांना चकाकी त्यानेच येते. ई ९०१ हे मधमाश्यांचं मेण. ई ५४२ हाडांपासूनच बनतं.

काही क्रमांक दोन्हीकडचे असतात आणि खरी डोकेदुखी त्यांचीच. ई ४७१ म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरणारा घटक, ई ४२२ म्हणजे ग्लिसरीन आणि ई ५७० म्हणजे स्टिअरिक आम्ल वनस्पतींच्या तेलापासूनही होतात आणि चरबीपासूनही. ई ९२० हे पाव मऊ करणारं सिस्टीन पक्ष्यांच्या पिसांपासून किंवा डुकराच्या केसांपासून काढत आले आहेत, आता किण्वनानेही करतात. ई ६३१ हे चव वाढवणारं मांस-माशांपासूनही मिळतं आणि किण्वनानेही.

उलट बाजूही सांगायला हवी. ई २७० म्हणजे लॅक्टिक आम्ल नावाने दुधाचं वाटतं, पण सहसा वनस्पतींतली साखर आंबवून करतात. कोको बटरमध्ये लोणी नसतं. ‘अंश असू शकतो’ ही ओळ अ‍ॅलर्जीच्या रुग्णांसाठी असते. ती घटक सांगत नाही, त्याच यंत्रावर दुसरं काही बनतं एवढंच सांगते. चौथ्या प्रश्नाला तुमचं उत्तर ‘चालतं’ असेल तर ती ओळ सोडून द्यावी. याच्या नेमकं विरुद्ध ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी पावडरीचं: तिच्यात सोडियम कॅसिनेट हे दुधातलं प्रथिन असू शकतं.

यादी झटपट वाचायची युक्ती: युरोपीय संघात दूध, अंडी, मासे, कवचधारी आणि शिंपल्यांसारखे प्राणी यादीत उठून दिसतील असे, सहसा ठळक अक्षरांत, छापावे लागतात, म्हणून आधी ठळक शब्दांवर नजर फिरवावी. पण जिलेटिन, गुरांची चरबी, कार्माइन हे त्या नियमात नाहीत, तेव्हा दुसऱ्या फेरीत साधी अक्षरं वाचावीच लागतात.

जे उरत नाही त्याचं काय

वाइन निवळायला अंड्याचा पांढरा भाग, कॅसिन (दुधातलं प्रथिन), जिलेटिन किंवा आयसिंग्लास वापरतात. आयसिंग्लास माशाच्या वाताशयापासून करतात. गाळ खाली बसतो, वरची वाइन काढून घेतात. युरोपात अंडं किंवा दूध वापरल्याचे अंश उरले तर सांगावं लागतं, आयसिंग्लासला मात्र सूट आहे, त्यामुळे बाटलीवर काही नसणं हा पुरावा नव्हे. बेंटोनाइट मातीने निवळलेली किंवा न निवळलेली वाइन हा सुटसुटीत मार्ग.

उसाची साखर काही देशांत हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात. बिटाच्या साखरेला तो लागत नाही. तपकिरी रंगावर भुलू नये: पुष्कळदा ती पांढऱ्या साखरेत मळी मिसळून केलेली असते.

अंजीर आणि त्याला परागित करताना आतच मरणारी गांधीलमाशी हा वादही या रांगेत आणला जातो. बाजारातले बरेच अंजीर परागणाशिवायच धरतात, आणि जिथे माशी शिरते तिथे ती आपणहून, निसर्गतःच शिरते. हद्द इतकी ताणायची गरज आम्हाला दिसत नाही.

औषधं आणि पूरकं

इथे एकच पक्का नियम: डॉक्टरांनी दिलेलं औषध स्वतःहून थांबवायचं नाही. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं, स्वादुपिंडाची विकरंही डुकराचीच असतात, काही फ्लूच्या लसी अंड्यांत वाढवतात. ‘याला दुसरा पर्याय आहे का’ हे मोकळेपणाने विचारावं. नसेल तर घ्यावं. १९४४ साली सुरू झालेल्या व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर’ असंच म्हटलेलं आहे.

पूरकांत मात्र निवड करता येते. जीवनसत्त्व डी३ सहसा लॅनोलिनपासून करतात, पण दगडफुलासारख्या लायकेनपासूनचंही मिळतं. डी२ बुरशी-यीस्टपासूनचं असतं. ओमेगा-३ साठी माशाच्या तेलाऐवजी शेवाळाचं तेल घ्यावं. कॅप्सूलचं टरफल ‘हायप्रोमेलोज’ लिहिलेलं असेल तर ते वनस्पतिज सेल्युलोजपासूनचं. बी१२ जीवाणूंपासूनच तयार करतात, तेव्हा घटकाची चिंता नको, टरफल तेवढं बघावं. प्रौढांसाठी त्याचं प्रमाण अमेरिकेत रोज २.४ मायक्रोग्रॅम धरतात, आणि दूध-अंडी दोन्ही सोडणाऱ्यांना ते वेगळं घ्यावंच लागतं.

बाहेर खाताना

‘हे शाकाहारी आहे का?’ असं विचारू नये. वाढणाऱ्याच्या डोक्यातली हद्द आणि तुमची वेगळी असते, आणि उत्तर ‘हो’ येतं. वस्तूचं नाव घेऊन विचारावं: सूप कोणत्या अर्कात केलंय? भात पाण्यात शिजवलाय की चिकनच्या अर्कात? सॉसमध्ये मासा आहे का? (वुस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही हा मासा सहसा असतोच.) तळण कशात, आणि त्याच कढईत मासे तळता का? नेमक्या प्रश्नाला मोघम उत्तर देणं अवघड जातं. ‘बहुतेक नसावं’ असं ऐकलं तर दुसरं काही मागवावं.

घरी पर्याय वापरताना

जिलेटिनऐवजी अगार घालताना प्रमाण निम्म्यावर आणावं: अर्धा लिटर द्रवाला जिलेटिन साधारण १० ग्रॅम लागत असेल तर अगार पावडर ४ ते ५ ग्रॅम पुरते. ती गार द्रवात ढवळून दोन-तीन मिनिटं खळखळून उकळावी. नुसत्या गरम पाण्यात विरघळवली तर कण राहतात आणि जेली जमत नाही. लिंबासारखं आंबट त्याबरोबर उकळलं की जाळं दुबळं होतं, म्हणून ते गॅस बंद केल्यावर घालावं. अगार चाळीस अंशांच्या आसपासच जमू लागतं, तेव्हा भांड्यात ओतायला उशीर करू नये. जिलेटिनसारखं ते तोंडात विरघळत नाही, तुटतं. मऊ हवं असेल तर ते आणखी कमी करावं.

एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घालता येते, पण ती फक्त बांधून ठेवते. हवा धरायचं काम तिला जमत नाही, म्हणून स्पंज केक बसतो. तिथे छोल्यांच्या डब्यातलं पाणी फेटून वापरावं, तीन मोठे चमचे म्हणजे साधारण एक अंडं.

कंपनीला विचारताना

‘तुमचं उत्पादन शाकाहारी आहे का’ असं लिहिलं की छापील उत्तर येतं. असं लिहावं: ‘या उत्पादनातील ई ४७१ चा स्रोत वनस्पतिज आहे की प्राणिज? रेनेट कोणत्या प्रकारचं आहे? निवळण्यासाठी कोणता पदार्थ वापरता?’ सोबत पाकिटावरचा बॅच क्रमांक द्यावा, कारण एकाच नावाचा माल वेगवेगळ्या कारखान्यांत बनतो. उत्तरात ‘वनस्पतिज किंवा प्राणिज’ असं आलं तर ते प्राणिज धरावं. आलेलं उत्तर तारखेसह जपून ठेवावं आणि वर्षभराने, किंवा पाकिटाची छपाई बदललेली दिसली की, पुन्हा विचारावं; पुरवठादार बदलला तरी घटकांची यादी तीच राहू शकते.