ढगांचे फोटो काढायचेत? आधी जमीन हुडका

कॅनडातल्या रेजायना शहरातल्या पहिल्या उन्हाळ्यात मी आभाळाचे चार हजारांवर फोटो काढले. त्यातला एकही आज कुणाला दाखवायची हिंमत होत नाही.

मी मूळचा लातूरचा. शिकायला म्हणून इथं सस्कॅचेवान प्रांतात आलो आणि नोकरी लागल्यावर इथंच राहिलो. इथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच ‘जिवंत आभाळाची भूमी’ अशा अर्थाचं वाक्य छापलेलं असतं. नवीन आलेलं मराठी पोरगं पहिले दोन महिने थंडीच्या जॅकेटबद्दल विचारतं, आणि जून उजाडला की कॅमेऱ्याबद्दल. दर वर्षी तेच ते तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

माझ्या त्या चार हजार फोटोंचं काय चुकलं होतं? त्यात नुसतं आभाळच होतं. प्रेअरीवर, म्हणजे इथल्या सपाट माळावर, उभं राहिल्यावर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मोकळं दिसतं. ढग बघायला मान वर करावी लागते, मग डावीकडून उजवीकडे फिरवावी लागते, आणि त्या फिरवण्यातच त्याचा आकार कळतो. फोटोला मान नसते. मी सोळा मिलिमीटरची वाइड लेन्स लावून सगळंच एका चौकटीत कोंबायचो आणि तीस किलोमीटरवरचा अजस्र ढग फोटोत कापसाच्या बोंडाएवढा यायचा. त्या ढगाखाली ओळखीच्या मापाचं काहीतरी लागतं. एकटं झाड, पत्र्याच्या गोल कणग्या, शेतात सोडून दिलेलं जुनं घर, किंवा रेल्वेरुळालगतचं लाकडी ग्रेन एलेव्हेटर. धान्य साठवायचं ते उंच कोठार, ज्याच्या भिंतीवर गावाचं नाव रंगवलेलं असतं. आडवळणाच्या रेल्वेमार्गांबरोबर यातली पुष्कळशी पाडली गेली. उरलीत ती बघून ठेवा.

आभाळ इथं रोज आयतं मिळतं. हुडकावी लागते ती जमीन, आणि ती वादळाच्या दिवशी हुडकून भागत नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली. आता निरभ्र, कंटाळवाण्या रविवारी मी गाडी काढतो आणि नुसत्या जागा बघत फिरतो. वहीत तीन गोष्टी लिहितो: काय आहे, कुठून बघितलं तर त्याच्या मागे पूर्व येते, आणि तिथवरचा रस्ता खडीचा की मातीचा. तिसऱ्या मुद्द्याची हकिगत पुढे आहे.

फिरणं सोपं, कारण रस्ते पाटीवर रेघा मारल्यासारखे आहेत. १८७० च्या दशकात सुरू झालेल्या मोजणीत या सगळ्या मुलखाचे एक मैल बाय एक मैल असे चौकोन पाडले. सस्कॅचेवानात उत्तर-दक्षिण रस्त्यासाठी दर मैलाला जागा सोडली आणि पूर्व-पश्चिम रस्त्यासाठी दर दोन मैलांना. सगळीकडे रस्ता झालाय असं नाही, पण दिशा मात्र चुकत नाही. आपल्याकडे बांधाबांधानं वळत जाणारी गाडीवाट असते, इथं रस्ता नाकासमोर सरळ क्षितिजात घुसतो. याचा एक फायदा वर्षातून दोनदा मिळतो. २० मार्चच्या आणि २२ सप्टेंबरच्या आसपास सूर्य पूर्व-पश्चिम रस्त्याच्या टोकाशीच मावळतो. ढग थोडे उंचावर असतील तर अख्खी खडी तांबडी होते.

आता दिशेबद्दल. नवखा माणूस वादळ येताना बघून समोरून फोटो काढतो. मीही काढले. काळी पट्टी, खाली धुळकट उजेड, छान दिसतं. पुढच्या दहा मिनिटांत गारा पडायला लागतात आणि तुम्ही गाडीची काच वाचवायला पळता. इथली उन्हाळी वादळं साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. दुपारी तापून चढतात आणि संध्याकाळी डोक्यावरून निघून जातात. जूनअखेरीस रेजायनात सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे आठ वाजता वादळ तुम्हाला ओलांडून गेलं, तर पश्चिमेला आभाळ फाटलेलं, सूर्य खाली आलेला, आणि पूर्वेला ढगाची दहा-बारा किलोमीटर उंचीची भिंत त्या उन्हात समोर उभी. सूर्याकडे पाठ करा. इंद्रधनुष्य निघालं तर तेही त्याच बाजूला निघणार.

एक संध्याकाळ सांगतो. वहीतल्या कणग्यांच्या जागेपासून थोडं मागे, पावसात गाडीत बसलो होतो. रेजायनाच्या वायव्येला बेथ्यूनला हवामान खात्याचं रडार आहे, त्याचं चित्र दर सहा मिनिटांनी बदलतं. मोबाइलवर पावसाची मागची कड सरकताना दिसत होती. पाऊस थांबला. बाहेर आलो तर ओल्या कॅनोलाचा, म्हणजे मोहरीच्या जातीतल्या इथल्या तेलबियांच्या पिकाचा, कोबीसारखा उग्र वास. पाच मिनिटं काहीच नाही, राखाडी आभाळ. मग पश्चिमेच्या फटीतून ऊन आलं ते आधी कणग्यांच्या पत्र्यावर पडलं, नंतर पिवळ्या शेतावर, आणि सगळ्यात शेवटी ढगाच्या बुडाशी. मोठ्या वादळी ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरतो, त्याच्या खालच्या बाजूला कधीकधी थैल्या लोंबतात, त्यांना मॅमॅटस म्हणतात. ऊन तिरपं लागल्यावर प्रत्येक थैली एका बाजूनं नारिंगी आणि दुसऱ्या बाजूनं निळसर दिसायला लागली. जेमतेम आठ मिनिटं. कुठं उभं राहायचं हे ठरवण्यात त्यातलं एकही गेलं नाही.

तांत्रिक बाबी थोडक्यात. रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच, काढा. उजळ ढगाचा तपशील जळला तर परत येत नाही, म्हणून ढगाच्या उजेडावर एक्स्पोजर ठेवा, जमीन नंतर उजळता येते. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरची बाजू गडद, खालची स्वच्छ असलेली काच) डोंगराळ भागात त्रास देतो, इथं क्षितिज सपाट असल्यानं तो चपखल बसतो. फक्त एलेव्हेटर मध्ये आलं की त्याचा वरचा अर्धा भाग काळा पडतो. पोलरायझर (आभाळाचा निळा रंग गडद करणारा फिल्टर) वाइड लेन्सवर लावू नका, आभाळात गडद डाग उमटतो. क्षितिज अर्ध्या अंशानं जरी कललं तरी सपाट मुलखात डोळ्यांत खुपतं, तेव्हा कॅमेऱ्यातली लेव्हल चालू ठेवा. आणि सत्तर-दोनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घरी ठेवू नका. लांबच्या ढगाला एलेव्हेटरच्या मागे आणून उभं करायचं काम तीच करते.

कॅनोलाबद्दल वेगळं सांगावं लागेल. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तो भरात असतो, मैलच्या मैल हळदीची पूड सांडल्यासारखा. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसतो, पण लाल रंगाचा आलेख उजव्या कडेला चिकटलेला, म्हणजे तो रंग जळलेला असतो. घरी येऊन बघावं तर फुलांच्या जागी नुसता पिवळा लगदा. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे बघायची सवय लावा.

आणि मोह झाला तरी त्या पिवळ्या शेतात शिरू नका. १ जानेवारी २०२२ पासून इथं मालकाच्या परवानगीशिवाय शेतात पाऊल टाकणं बेकायदा आहे, पाटी असो वा नसो. कारण नुसतं कायद्याचं नाही. क्लबरूट नावाचा कॅनोलाच्या मुळांचा रोग मातीतून पसरतो, आणि ती माती बुटांना चिकटून एका रानातून दुसऱ्या रानात जाते. शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारलं तर बहुतेक वेळा ‘हो’च म्हणतात. मला तर दोनदा कॉफीही मिळाली.

आता मातीचा रस्ता. रेजायनाच्या आजूबाजूची जमीन म्हणजे भारी चिकणमाती, लोक तिला गंबो म्हणतात. लातूरच्या काळ्या रानात वाढलेल्या माणसाला ही ओळखू यायला हवी होती. तीच जात: वाळली की हात जाईल एवढ्या भेगा, भिजली की पायाला बाभळीच्या डिंकासारखी चिकटणारी. तरी मी उजेडाच्या नादात पावसानंतर मातीच्या रस्त्यावर छोटी गाडी घातली. दोनशे मीटरवर चाकांचे लाडू झाले. चाक आणि मडगार्ड यांच्यात चिखल इतका गच्च बसला की चाक फिरेना. पाऊण तासानं एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावली, आणि ओढून काढल्यावर एवढंच विचारलं, ‘फोटो तरी मिळाला का?’ नव्हता मिळाला. स्क्रूड्रायव्हरनं चिखल खरवडण्यात सूर्य मावळला होता. तेव्हापासून खडी संपली की मी गाडी वळवतो.

विजांबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. सपाट रानात सगळ्यात उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड. वीज चमकल्यापासून आवाजापर्यंत मोजा: तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गाडीत बसा, काचा वर घ्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. विजा लांब असतील तेव्हा मी खिडकीच्या कडेवर दोन किलो मसुराची शिवलेली पिशवी ठेवतो आणि तिच्यावर कॅमेरा टेकवतो. आयएसओ १००, एफ ८, पंधरा-वीस सेकंद. तांदळापेक्षा मसूर बरा बसतो, लेन्सच्या आकाराची खळगी पडते. शिवाय मसूर इथलाच आहे. भारतात आयात होणाऱ्या मसुराचा मोठा वाटा याच प्रांतातून जातो, आणि लातूरच्या डाळ मिलवाल्यांना सस्कॅचेवान हे नाव माझ्याआधीपासून माहीत आहे.

घरी आल्यावर संगणकावर फोटो सुधारताना ‘डीहेझ’चा (धूसरपणा घालवायचा) काटा बेतानं फिरवा. नवशिक्यांचे निम्मे ढग लोखंडाच्या किसासारखे दिसतात ते त्याच्यामुळेच. काही उन्हाळ्यांत उत्तरेच्या जंगलातल्या वणव्यांचा धूर आठवडाभर मुक्काम ठोकतो. तेव्हा ढग विसरा, तांबडा सूर्य मिळतो तेवढा घ्या. यातून पैसे मिळतात का, हेही सगळे विचारतात. माझं घर दुसऱ्या नोकरीवर चालतं. जे काही प्रिंट खपले, ते शेतकऱ्यांनी घेतले, तेही स्वतःच्या कणग्या ओळखू आल्या म्हणून.

मागच्या ऑगस्टअखेरीस एक फोटो मनासारखा झाला. खाली तपकिरी शेत, कडेला एकच झाड, वर जांभळा ढग आणि त्यातून तिरप्या कोसळणाऱ्या सरी. बाबांना पाठवला. बराच वेळ काही उत्तर नाही. मग फोनच आला.

‘खाली काय पेरलंय?’

‘मसूर असेल.’

‘काढणीला आलाय की रे. त्याच्यावर पडला का हा पाऊस?’

मी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर गाडी तिकडे घातली. मसूर जागोजागी आडवा झाला होता आणि बांधाशी कुणीतरी एक शेंग सोलून तळहातावर दाणे बघत उभं होतं. मी गाडी थांबवली, कॅमेरा मागच्या सीटवरच राहू दिला.