शाळा सुटल्यावर विज्ञान पुन्हा कसे शिकावे : एक वही, एक काठी आणि एक परात

उन्हाळा का होतो, असे एखाद्या शिकल्यासवरलेल्या माणसाला विचारले, तर बहुतेक वेळा फारसा विचार न करता उत्तर येते की त्या दिवसांत पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे शेकोट्या पेटलेल्या असतात तेव्हा. त्या वेळी दोघांमधले अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते आणि जुलैच्या आरंभी ते वाढून सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. हे उत्तर केवळ आपल्याकडेच चुकते असेही नाही. १९८७ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून २३ जणांना ऋतू किंवा चंद्रकलांविषयी असेच साधे प्रश्न विचारण्यात आले होते, आणि त्यांपैकी २१ जणांची उत्तरे चुकली होती.

मी स्वतः दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळवून वाणिज्य शाखेकडे गेलो आणि वयाची चाळिशी उलटेपर्यंत भाच्याला हेच 'जवळ-लांब'चे उत्तर देत होतो. गंमत अशी की 'पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे' हे वाक्यही मला त्याच काळात तोंडपाठ होते. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारीशेजारी नांदत होत्या आणि एकीने दुसरीला कधी हटकले नव्हते. प्रौढांच्या विज्ञानाविषयीच्या अज्ञानाचे मूळ मला इथे दिसते. शाळेत काही शिकवलेच गेले नाही, असे क्वचितच घडते. चुलीजवळ गेले की ऊब वाढते, या लहानपणीच्या अनुभवावरून मूल स्वतःचा एक अंदाज बांधून वर्गात येते. वर्गात त्या अंदाजाला कोणी हात लावत नाही, त्याच्यावर फक्त व्याख्येचा एक थर चढतो. परीक्षा झाली की तो थर गळून पडतो आणि खालचा अंदाज जसाच्या तसा उरतो. त्यात पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांची भर पडते. पृथ्वीची कक्षा तिरप्या कोनातून दाखवलेली असल्यामुळे ती काकडीसारखी लांबट दिसते, आणि विद्यार्थ्याच्या मनात जवळ-लांबचा समज पक्का होतो. खरी कक्षा दहा सेंटिमीटर व्यासाची काढली, तर तिच्या लांबी-रुंदीतला फरक पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी भरेल.

म्हणून मोठेपणी विज्ञानाची उजळणी करायची असेल, तर पुस्तकापासून सुरुवात करू नये. सुरुवात स्वतःच्या चुकीच्या अंदाजापासून करावी, आणि त्यासाठी तो आधी कागदावर उतरवावा लागतो. एक साधी शंभर पानी वही घ्यावी. रोजच्या पाहण्यातला एकच प्रश्न निवडावा आणि कोठेही न शोधता, कोणालाही न विचारता, आपल्याला जे वाटते ते चार-पाच ओळींत लिहावे. हे काम दिसते तितके सोपे नाही. लिहायला बसल्यावर पहिल्या दोन ओळींतच हात थबकतो आणि आपल्याला उत्तर माहीत नव्हते, केवळ उत्तराचे नाव माहीत होते, हे कळून चुकते. 'झाड मोठे होते तेव्हा त्याचे वजन कोठून येते?' या प्रश्नावर बहुतेक जण 'मातीतून' असे लिहितात. सतराव्या शतकात युरोपातील शास्त्रज्ञ फान हेल्मोंट यांनी कुंडीत विलोचे रोप लावून पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे ७५ किलोने वाढले, तर कुंडीतली माती अवघी ५०-६० ग्रॅम कमी झाली. त्यांनी ती वाढ पाण्याच्या खात्यावर टाकली. वाळलेल्या लाकडाचे बरेचसे वजन हवेतल्या कार्बन डायॉक्साइडमधून येते, हे पुढच्यांनी शोधले. एवढ्या काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाचाही निष्कर्ष निम्माच बरोबर ठरला, तेव्हा वहीत चुकीचे काही लिहिले गेले म्हणून संकोच वाटण्याचे कारण नाही. लिहिलेले खोडू मात्र नये.

त्यानंतर आपल्या उत्तराला अडवणारी एखादी गोष्ट शोधावी. ऋतूंच्या बाबतीत ती आपण दरवर्षी दूरचित्रवाणीवर पाहतो. डिसेंबरअखेरीस मेलबर्नचा कसोटी सामना पाहायला आपण पहाटे पाच वाजता पांघरूण लपेटून बसतो, तेव्हा समोर प्रेक्षक टोप्या घालून घाम पुसत असतात. पृथ्वी एकच आहे. ती सूर्यापासून लांब गेल्यामुळे आपल्याकडे थंडी पडली असेल, तर मेलबर्नलाही पडायला हवी होती. वहीतल्या आपल्या उत्तराखाली ही अडचण लिहून ठेवावी आणि एक-दोन दिवस तशीच राहू द्यावी. लगेच महाजालावर उत्तर शोधले तर या अडचणीची बोच निघून जाते, आणि ती बोच गेली की शिकलेलेही फार काळ टिकत नाही. माझा अनुभव तरी असा आहे.

तिसरे काम हाताने करायचे आहे आणि माझ्या मते सगळ्या उजळणीचा जीव त्यातच आहे. एक मीटर लांबीची सरळ काठी गच्चीवर किंवा अंगणात सपाट जागी उभी करावी. मातीने भरलेल्या डब्यात रोवली तरी चालेल, मात्र काठीची लांबी डब्यातल्या मातीपासून न मोजता ज्या फरशीवर सावली पडते तिथपासून मोजावी. काठी खरोखर उभी आहे ना, हे ओळंब्याने पाहावे. ओळंबा नसेल तर दोऱ्याला किल्ली बांधली की काम भागते. मग दुपारी बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली ज्या वेळी पडते, ती आपल्या गावची खरी मध्यान्ह. मुंबई-पुण्यात ती बहुतेक काळ साडेबाराच्या आसपास येते आणि नागपूरला त्याहून पंचवीसेक मिनिटे आधी, कारण घड्याळे साऱ्या देशाची एक असली तरी नागपूर पूर्वेला आहे. मध्यान्ह म्हणजे ठोक बारा, हा समज त्यामुळे पहिल्याच दिवशी निकालात निघतो.

ही मध्यान्हीची सावली दर पंधरवड्याला मोजून वहीत लिहावी. पुण्यात २२ डिसेंबरच्या सुमारास एक मीटर काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते. २१ मार्चच्या सुमारास ती ३३-३४ सेंटिमीटरवर येते, मेच्या मध्याला काठीच्या पायाशी नाहीशी होते, आणि २१ जूनला, ढगांनी कृपा केलीच तर, आठ-नऊ सेंटिमीटरची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून पुढे उत्तरेला सरकलेला असतो. महाराष्ट्र आणि गोवा पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हे दृश्य आपल्या प्रत्येक गावात दिसते. दिल्लीकरांच्या नशिबी ते नाही. सावली ९० वरून शून्यावर येते म्हणजे ऊन तिरपे न पडता थेट पडू लागते. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत आधी सरळ आणि मग तिरपा धरून पाहावा. तिरपा धरला की तोच उजेड मोठ्या जागेत पसरतो आणि मंद होतो. त्याच्या जोडीला दिवसाची लांबीही बदलते. पुण्यात ती डिसेंबरअखेरीस सुमारे ११ तास असते, तर जूनअखेरीस सव्वातेरा तासांच्या घरात जाते. कललेल्या अक्षाचा अर्थ या दोन गोष्टींत आहे. मेलबर्नला सारे उलट घडते, कारण आपली बाजू सूर्याकडे झुकलेली असते तेव्हा त्यांची पाठ फिरलेली असते.

इथे चौकस वाचक विचारेल की मग पुण्यात कडक उन्हाळा एप्रिल-मेमध्ये का असतो, जूनमध्ये का नाही. शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकाशातच आहे : जूनमध्ये मोसमी ढग येतात, ऊन अडते आणि जमीन भिजते. पावसाळा नसता, तर आपला जून कदाचित मेपेक्षाही तापला असता.

सावलीच्या नोंदी ठेवल्या की अनपेक्षित गोष्टीही हाती लागतात. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, असे आपण म्हणतो. वही मात्र सांगते की १४ जानेवारीला पुण्यातली सावली ८३ सेंटिमीटरच्या आसपास आलेली असते, म्हणजे डिसेंबरमधल्या सर्वांत लांब सावलीहून सहा-सात सेंटिमीटरने आखूड. सूर्याचे उत्तरेकडे सरकणे २२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू झालेले असते. मकर संक्रांत ताऱ्यांच्या राशींवरून ठरते आणि पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डुलत असल्यामुळे, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी जवळजवळ एकत्र येणाऱ्या या दोन तारखांमध्ये आता तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे. परंपरेतली नोंद तिच्या काळी बरोबरच होती. तिळगूळ वाटण्यात याने काही बाधा येत नाही.

ज्यांना गच्ची नाही त्यांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. परात आणि लाकडी पोळपाट रात्रभर ओट्यावर शेजारीशेजारी ठेवावेत आणि सकाळी दोन्हींना तळहात लावावा. परात थंडगार लागते, पोळपाट लागत नाही. कोणाचे तापमान कमी आहे, ते आधी वहीत लिहावे. मग परात पालथी घालून तिच्यावर एक आणि पोळपाटावर एक असे बर्फाचे सारख्या आकाराचे दोन खडे ठेवावेत, आणि कोणता आधी वितळेल तेही लिहून मगच पाहावे. घरातले सगळे पोळपाटाच्या बाजूने कौल देतात आणि बर्फ वितळतो परातीवरचा. दोन्ही वस्तूंचे तापमान खोलीइतकेच असते. धातू उष्णता झटपट वाहून नेतो, म्हणून तो हाताची उष्णता भराभर घेतो आणि बर्फालाही ती भराभर पुरवतो. हाताला कळते ती उष्णता निघून जाण्याची गती, वस्तूचे तापमान नव्हे. हे एकदा पटले की गोधडीचाही उलगडा होतो. गोधडी ऊब देते असे आपण म्हणतो, पण बर्फवाला बर्फाची लादी भुसा आणि गोणपाटात गुंडाळतो, तेव्हा तिला ऊब देत नाही. गोधडी आणि गोणपाट दोघेही उष्णतेची वाट अडवतात, मग ती आतून बाहेर जाणारी असो की बाहेरून आत येणारी. हे गोणपाट आपण लहानपणापासून पाहत आलो, तरी त्याचा गोधडीशी संबंध कोणी जोडून दाखवला नाही, याची मला राहून राहून खंत वाटते.

पुस्तकाकडे वळायचे ते या टप्प्यावर. दहावीचे पुस्तक उघडण्याचा मोह टाळून बालभारतीच्या सहावी-सातवीच्या सामान्य विज्ञानापासून आरंभ करावा. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आपल्या प्रश्नाशी जुळणारा एकच धडा घ्यावा आणि वहीतल्या नोंदी समोर ठेवून वाचावा. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांच्या चित्रफिती आणि मराठीतली बरीच विज्ञानपुस्तकेही महाजालावर मोफत उपलब्ध आहेत, आणि ती मुलांसाठी आहेत म्हणून प्रौढांनी बाजूला सारू नयेत. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद मासिक पत्रिका काढते आणि तिचे काम गावोगावच्या विभागांतून चालते. सोबतीने शिकणे ज्यांना मानवते, त्यांनी तिकडे चौकशी करावी. 'तुम्हाला हे माहीत आहे का?' छापाचे संदेश आणि प्रश्नमंजूषा मात्र मी या कामात धरत नाही. त्यांतून सुट्या माहितीचा ढीग होतो आणि खालचा अंदाज जागचा हलत नाही.

समजले की नाही, याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. पारिभाषिक शब्द न वापरता तीच गोष्ट घरातल्या कोणाला तरी समजावून सांगावी. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. त्या वेळी पृष्ठताण आणि केशाकर्षण हे शब्द सर्वत्र ऐकू आले, परंतु तेवढ्याने फार जणांची समजूत पटली असेल असे मला वाटत नाही. त्याऐवजी काठोकाठ भरलेला चमचा पाट्याच्या ओल्या कडेला टेकवून दाखवावा. दुधाचे कण एकमेकांना आणि दगडाला धरून ठेवतात, त्यामुळे दूध काठावरून ओढले जाते आणि दगडावरून पातळ ओघळाने खाली उतरते, हे डोळ्यांनी दिसते. शब्द मग मागाहून सांगितला तरी चालतो.

एका प्रश्नाला एक महिना द्यावा, घाई करू नये. काठी लावायचीच असेल, तर सावली नाहीशी होण्याचा दिवस गाठण्याच्या बेताने महिना-दीड महिना आधी लावावी. तो दिवस पणजीला २-३ मे, कोल्हापूरला ६-७ मे, सोलापूरला १०-११ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नाशिकला २०-२१ मे आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुन्हा एकदा येतो खरा, पण तेव्हा छत्री घेऊन गच्चीवर जावे लागते.