लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?

लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ म्हणत कितीतरी जणी दोन-दोन दिवस कळ काढतात. बहुतेक वेळा कारण असतं ई. कोलाय, म्हणजे आतड्यातला जिवाणू. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा आणि गुदद्वार अगदी जवळ, त्यामुळे हा जिवाणू सहज वर चढतो. यात लाजण्यासारखं काहीच नाही.

सुरुवात पाण्यापासून करा. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. बाहेर स्वच्छ शौचालय मिळणार नाही म्हणून भरलेली बाटली तशीच घरी परत येते, तिथेच खरी गफलत होते. लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं प्या. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग सवयी. लघवी तुंबवून धरू नका. कमोडला न टेकता अधांतरी बसलं की ओटीपोटाखालचे स्नायू ताठ राहतात आणि मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. नीट टेकून बसा, घाई करू नका. शौचानंतर पुढून मागे पुसा किंवा धुवा. शरीरसंबंधानंतर लघवीला जाऊन या. योनीच्या आत साबण किंवा सुगंधी द्रव्यं नकोत.

आहारात तंतुमय पदार्थ वाढवा, कारण बद्धकोष्ठतेने मूत्राशयावर दाब येतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. क्रॅनबेरी या आंबट लाल फळाने वारंवार होणारा संसर्ग काहीसा कमी होतो, पण झालेला बरा होत नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेत असाल तर क्रॅनबेरी डॉक्टरांना विचारूनच घ्या. जळजळ चालू असताना कॉफी आणि मद्य टाळलेलं बरं.

मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कृपा करून घेऊ नका. त्रास परत परत होत असेल तर औषध सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे कोणता जिवाणू आहे ते शोधणारी तपासणी, करून घ्या. पाळी गेल्यानंतर हा त्रास वाढला असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल डॉक्टरांशी बोला.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, लघवीत रक्त यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदर असाल तर नुसत्या जळजळीलाही थांबू नका.