मोबाइलवर रखडणारी चपलांची वेबसाइट मी कशी सुधारली

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये आमचं दुकान आहे. वेबसाइटवर लोक यायचे आणि लगेच निघून जायचे. कारण कळलं ते काउंटरवरच. मेव्हण्याच्या जुन्या मोबाइलवर साइट उघडली, तर नुसता पांढरा पडदा. मग पट्ट्याची वेणी दिसली, बाकी कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) अजून यायचीच होती. त्यानं 'मागवा'वर बोट टेकवलं, तेवढ्यात वरचा फोटो आला, बटण खाली सरकलं आणि भलतंच पान उघडलं. लई वाईट वाटलं.

फोटो कॅमेऱ्यातून काढून तसेच चढवले होते, एकेक 5 एमबीचा. ते 800 पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलले. शंभर-दीडशे केबीवर आले. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिली, तेव्हा बटण जागचं हलायचं थांबलं. खालचे फोटो लेझी लोडिंगवर टाकले, म्हणजे माणूस तिथवर सरकला की मगच ते येतात. सगळ्यात वरचा मात्र टाकू नका. मी टाकला होता, तर तोच उशिरा यायला लागला. पानावरचा सगळ्यात मोठा भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगल सांगतं. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्याच वेग मोजायच्या साधनावर तपासलं, आता आम्ही त्यात बसतो.

आल्याआल्या नंबर मागणारा पॉपअप काढून टाकला. दुकानात पाऊल टाकणाऱ्याला कुणी दारात अडवतं का?

पण लोक खरे रमले ते मापाच्या पानावर. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजायचं, हे चार फोटोंत दाखवलं. चामडं वापरून सैल होतं, तेव्हा सुरुवातीला थोडी घट्टच घ्या, हेही लिहिलं. परवा पुण्याच्या एका ताईंनी त्या कागदाचाच फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला.