घर बदललंत? मग ८ नंबरचा फॉर्म भरा

मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे मत देता येईलच असं नाही. यादीत नाव हवं. कार्ड घरी विसरलं तर आधार, पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, पण यादीत नाव नसेल तर केंद्रावर कितीही हुज्जत घाला, उपयोग नाही. म्हणून आजच निवडणूक आयोगाच्या ॲपवर नाव शोधा, नाहीतर १९५० ला फोन लावा.

साताऱ्याहून पुण्यात आलात, भाड्याचं घर बदललंत, तर ८ नंबरचा फॉर्म भरा. नवीन नोंदणीचा ६ नंबरचा भरू नका. बरेच जण तिथेच घोटाळा करतात आणि नाव दोन ठिकाणी लागतं, जो कायद्याने गुन्हा आहे. नावातली चूकही ८ नंबरनेच दुरुस्त होते (आणि आपल्याकडे आडनावांची काय वाट लावतात, ते माहीत आहेच).

घरात सतरा पूर्ण झालेलं कुणी असेल तर त्याचा ६ नंबर आत्ताच भरता येतो. अठरा पूर्ण झाली की नाही हे ठरवायला आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार महिन्यांची १ तारीख धरतात. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. महापालिकेला तर ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादीच वापरतात, नंतरची नावं त्यात येत नाहीत.