जुन्या फायली न गमावता डिस्कवर जागा कशी करावी

लातूरच्या एका क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिका टाइप करून जुळवतो. एका फोल्डरात 'भौतिक_फायनल', 'भौतिक_फायनल_नवा' आणि 'भौतिक_सरांनी_तपासलेला' अशा तीन फायली होत्या. फरक एवढाच, की सतराव्या प्रश्नाचा पर्याय 'क' बदलला होता. अशा फायली पुसायला हात धजत नाही आणि डिस्क भरत जाते. यावर गिट हा फाइलच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवणारा प्रोग्राम कामाला येतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या कोडसाठी ते लिहिलं, पण प्रश्नपत्रिकांनाही ते तितकंच चालतं.

आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. ही पायरी गाळू नका.

मग लिबरऑफिस या वर्डसारख्या प्रोग्रामात प्रत्येक फाइल उघडून 'सेव्ह ॲज'मधून 'फ्लॅट एक्सएमएल' प्रकारात ठेवा. खरी बचत इथेच होते. ओडीटी (लिबरऑफिसची) किंवा डॉक्सएक्स (वर्डची) फाइल म्हणजे आतून झिपच, म्हणजे दाबून लहान केलेली. एक अक्षर बदललं तरी तिथून पुढचा दाबलेला मजकूर वेगळा दिसतो आणि गिटला जुनं-नवं जुळवता येत नाही. फ्लॅट फाइल साधा मजकूर असते. एकटी ती मोठी दिसेल, घाबरू नका.

आता त्या फोल्डरात टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून 'गिट इनिट' ही आज्ञा चालवा. सगळ्यात जुनी फाइल 'भौतिक' या एकाच नावाने ठेवून 'गिट ॲड' (फाइल नोंदीसाठी निवडणं) आणि 'गिट कमिट' (ती आवृत्ती नोंदवणं) करा. तिच्यावरच पुढची आवृत्ती टाका, पुन्हा ॲड, पुन्हा कमिट. कमिटच्या संदेशात 'प्र. १७, पर्याय क दुरुस्त' असं स्पष्ट लिहा. सहा महिन्यांनी शोधताना तेच उपयोगी पडतं. 'गिट लॉग'मध्ये सगळ्या आवृत्त्या दिसल्या आणि एखादी जुनी उघडून पाहिली, की मगच जास्तीच्या फायली पुसा.

शेवटी 'गिट जीसी' ही साठा आवरून लहान करणारी आज्ञा द्या. गिट प्रत्येक मजकुराला त्याच्यावरूनच काढलेला ४० अक्षरी क्रमांक देतं, म्हणून हुबेहूब सारखी फाइल दहा ठिकाणी असली तरी त्याच्या साठ्यात एकदाच राहते. जीसी त्यापुढे जाऊन मिळत्याजुळत्या आवृत्त्यांमधला बहुतेक फक्त फरक साठवतं.

स्कॅन केलेले जेपीजी आणि तासांचे व्हिडिओ गिटमध्ये घालू नका. ते आधीच दाबलेले असतात, शिवाय एकदा कमिट झाले की नंतर पुसूनही इतिहासात जागा अडवतात. त्यांच्या रोजच्या बॅकअपसाठी बोर्ग हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरा. ते फाइलचे तुकडे करून सारखा तुकडा एकदाच ठेवतं. जुने बॅकअप बोर्गच्या 'प्रून' या आज्ञेने काढल्यावर त्याची 'कॉम्पॅक्ट' ही आज्ञाही चालवा, नाहीतर जागा मोकळी होत नाही.

एक धोका मात्र ध्यानात असू द्या. सगळ्या आवृत्त्या आता 'डॉट गिट' या एकाच लपलेल्या फोल्डरात आहेत. तो बिघडला तर सगळंच जातं. म्हणून 'गिट क्लोन'ने त्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत करा आणि दर शनिवारी त्या डिस्कवरच्या प्रतीत 'गिट पुल' करा.