ओशन बीचवर उतरण्याआधी

सॅन फ्रान्सिस्कोत नवीन आलेली आपली मुलं मला हमखास विचारतात, ओशन बीचवर सर्फिंग शिकता येईल का? माझं उत्तर एकच असतं: शिकायला पॅसिफिका गावच्या लिंडा मारला जा. तिथे बोर्डावर नीट उभं राहता येऊ लागलं, फेसाची भीती गेली, की मग इकडे या.

ओशन बीच म्हणजे साडेपाच किलोमीटर सरळसोट वाळू, तोंड पश्चिमेला. उत्तर पॅसिफिकमधल्या हिवाळी वादळांच्या लाटा इथे थेट येऊन आदळतात. त्या वाळूच्या बुडालेल्या पट्ट्यांवर फुटतात आणि पट्ट्या सतत जागा बदलतात. त्यामुळे ‘अमुक ठिकाणी लाट चांगली’ हे ज्ञान महिनाभरही टिकत नाही.

माझी मोठी चूक लाटांचा अंदाज वाचण्यात झाली. नोव्हेंबरची सकाळ होती, उंची दीड मीटर दाखवत होते. शेजारी १६ सेकंद लिहिलं होतं, तिकडे मी लक्षच दिलं नाही. दोन लाटांमधलं हे वेळेचं अंतर, म्हणजे पीरियड, उंचीइतकंच महत्त्वाचं. खोल समुद्रात ८ सेकंदांची लाट साधारण १०० मीटर लांब असते, १६ सेकंदांची ४०० मीटर. तिचा जोर फार खोलवर पोचलेला असतो, म्हणून किनाऱ्याजवळ तळ वर आला की ती अंदाजातल्या दीड मीटरपेक्षा बरीच उंच उठते. त्या दिवशी पाणी दहा मिनिटं शांत दिसलं, म्हणून मी नोरिएगा स्ट्रीटसमोर उतरलो. मग सेट, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या मोठ्या लाटांचा गट, आला. एक लाट डोक्यावरून गेली की श्वास घेईपर्यंत दुसरी. बाहेर जायला मोकळी वाट कुठेच नव्हती. शेवटी फेसाबरोबर वाळूवर आलो तेव्हा बोटं इतकी गारठली होती की लीशचा, म्हणजे बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीचा, पट्टा सुटेना. वर पाहिलं तर समोर रिव्हेरा स्ट्रीट. तिथले रस्ते इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आहेत, म्हणून लगेच कळलं: चार रस्ते दक्षिणेला वाहून गेलो होतो.

तेव्हापासून आधी वीस मिनिटं वाळूवर बसतो. सेट किती वेळाने येतो आणि फेस कुठल्या बाजूला सरकतो, ते बघतो. लाटांच्या मधोमध कमी फुटणारा, गडद दिसणारा पट्टा असेल तर तिथे पाणी समुद्राकडे ओढतंय. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, आडवं पोहत बाहेर पडा. उत्तरेच्या टोकाला जास्त जपा, गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून खाडीचं पाणी आत-बाहेर होतं त्याची ओढ तिथे लागते.

उतरायचे दिवस सप्टेंबर ते नोव्हेंबर. सकाळी पूर्वेकडून वारा येतो, आपल्याकडे कोकणात ज्याला मतलई म्हणतात तसा, आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. वसंतात वायव्येचा वारा सगळं घुसळून टाकतो, खालचं थंड पाणीही वर आणतो. पाणी एरवीही १० ते १५ अंशांचंच, तेव्हा किमान ४/३ मिलिमीटरचा (धडाला ४, हातापायांना ३ मिलिमीटर जाड) वेटसूट, म्हणजे ऊब धरणारा रबरी पोशाख, आणि पायात बूट हवेतच. मी हिवाळ्यात टोपीही घालतो.